कॅमेरामनला लाथ मारली, पुढे काय झालं? डेनिस रॉडमनच्या शिक्षांचा हिशोब

१५ जानेवारी १९९७. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात शिकागो बुल्स आणि मिनेसोटा टिम्बरवुल्व्ह्ज यांच्यात एनबीएचा सामना सुरू होता. चेंडूमागे धावणारा बुल्सचा डेनिस रॉडमन मैदानाबाहेर गेला आणि बास्केटखाली रांगेत बसलेल्या कॅमेरावाल्यांवर जाऊन पडला. त्याचा घोटा मुरगळला. तो चिडला आणि समोरच्या एका कॅमेरामनला त्याने लाथ मारली. लाथ बसली थेट जांघेत. कॅमेरामन तिथेच आडवा झाला आणि त्याला अॅम्ब्युलन्सने हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं.

हे सगळं टीव्हीवर लाइव्ह दिसत होतं. पुरावा शोधायची गरजच नव्हती.

रॉडमनचे व्हिडिओ आजही तुमच्या फीडमध्ये येत असतील. हिरवे-लाल-पिवळे केस, नाकात रिंग, अंगभर टॅटू. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नेटफ्लिक्सवर 'द लास्ट डान्स' ही मालिका आली आणि ज्यांनी कधी बास्केटबॉल पाहिला नव्हता, त्यांनाही हा माणूस आवडून गेला. सीझन ऐन रंगात असताना लास व्हेगासला जाऊन बसलेला रॉडमन आणि त्याला परत आणायला गेलेला मायकल जॉर्डन हा किस्सा तर मीम बनूनच फिरला. या मजेमजेच्या गोष्टींच्या गर्दीत तो लाथ खाल्लेला कॅमेरामन मात्र मागे पडला. त्याचं काय झालं, हे कळलं सहा वर्षांनी, तेही टॅक्सच्या एका खटल्यामुळे. तिथपर्यंत जाण्याआधी हा रॉडमन कोण, ते थोडक्यात बघू.

सफाई कामगार ते चॅम्पियन

रॉडमनचा जन्म १९६१ चा. वडील लहानपणीच घर सोडून गेले. तो डॅलसमध्ये आईकडे वाढला. शाळेतून बाहेर पडल्यावर त्याने डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर रात्रपाळीत साफसफाईचं काम केलं. त्याची उंची वाढली ती उशिरा, शाळा संपल्यावर. मग एका छोट्या कॉलेजच्या टीममधून खेळत तो १९८६ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सपर्यंत पोहोचला. तेव्हा त्याचं वय होतं २५, म्हणजे नवख्या खेळाडूच्या मानाने बरंच जास्त.

त्याचं काम होतं रिबाउंड घेण्याचं. कुणाचा तरी शॉट हुकतो, चेंडू रिंगवरून उडतो आणि तो आधी कोण पकडतो यासाठी झोंबाझोंबी होते. हे मेहनतीचं काम, ग्लॅमर शून्य. रॉडमनची उंची ६ फूट ७ इंच, म्हणजे या कामासाठी बुटकाच म्हणायचा. तरीही १९९२ ते १९९८ असे सलग सात सीझन तो रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला राहिला. कुठल्या खेळाडूचा हुकलेला शॉट कुठल्या बाजूला उडतो, याचा तो अभ्यास करायचा. पिस्टन्सबरोबर दोन आणि बुल्सबरोबर तीन अशी पाच विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत.

मधल्या काळात मात्र त्याचं आयुष्य विस्कटलं. पिस्टन्सचे कोच चक डेली त्याला वडिलांसारखे होते, ते १९९२ मध्ये टीम सोडून गेले. लग्न मोडलं. १९९३ मध्ये एका रात्री तो स्टेडियमच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत, जवळ भरलेली बंदूक असताना पोलिसांना सापडला. जीव द्यायचे विचार मनात होते, हे नंतर त्याने स्वतःच सांगितलं. रंगीत केसांचा रॉडमन जगाला दिसला तो यानंतर.

इथे एक घोळ कायम होतो. १९९६ मध्ये आत्मचरित्राच्या प्रमोशनसाठी तो न्यूयॉर्कमध्ये नवरीचा पांढरा गाऊन घालून आला. १९९५ मध्ये त्याने केसांवर एड्स जनजागृतीची रिबन रंगवून घेतली होती, तीही अशा काळात जेव्हा या आजाराचं नाव काढायलाही खेळाडू कचरत होते. या गोष्टींनी कुणाचं काय बिघडलं? काहीच नाही. पण बातम्यांमध्ये गाऊन, केस, पंचाला मारलेली डोक्याची धडक आणि कॅमेरामनला मारलेली लाथ हे सगळं 'रॉडमनचे विक्षिप्त प्रकार' या एकाच टोपलीत टाकलं जायचं. ज्यांना तो आवडत नव्हता त्यांना गाऊनही गुन्हा वाटायचा, आणि ज्यांना आवडायचा त्यांना लाथही गंमत. दोन्हीकडून नुकसान एकाचंच होत होतं: ज्याला खरोखर लागलं, त्याचं.

शिक्षा किती झाली?

लाथेच्या आधीची यादी बघा. मार्च १९९६ मध्ये न्यू जर्सी नेट्सविरुद्धच्या सामन्यात त्याने पंचाला डोक्याने धडक दिली. शिक्षा: सहा सामने बाहेर आणि २०,००० डॉलर दंड. डिसेंबर १९९६ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत शिवीगाळ केली म्हणून खुद्द बुल्सने त्याला दोन सामने घरी बसवलं. त्याला जेमतेम महिना उलटला आणि लाथेचं प्रकरण घडलं.

यावेळी लीगचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी ११ सामन्यांची बंदी घातली, २५,००० डॉलर दंड लावला आणि परत येण्याआधी समुपदेशन घेण्याची अट घातली. याआधी एवढी मोठी बंदी क्वचितच कुणावर आली होती. १९७७ मध्ये केर्मिट वॉशिंग्टनने एका ठोशात रुडी टॉमजानोविचच्या चेहऱ्याची हाडं मोडली होती, तेव्हा त्याला २६ सामने बाहेर बसावं लागलं होतं.

२५,००० डॉलर ऐकायला मोठे वाटतात, पण त्या सीझनचा रॉडमनचा पगार साधारण ९० लाख डॉलर होता. वर्षाला सहा लाख रुपये कमावणाऱ्या माणसाला १,७०० रुपयांची पावती फाडावी, इतकाच तो दंड. मोबाईलवर बोलत गाडी चालवताना पकडलं की आपलंही साधारण असंच होतं. दोन दिवस चरफडतो आणि विसरतो.

खरी कात्री बंदीने लागते. बंदीच्या काळात पगार मिळत नाही. सीझनमध्ये ८२ सामने, म्हणजे रॉडमनला एका सामन्यामागे जवळपास १ लाख १० हजार डॉलर मिळत होते. ११ सामने म्हणजे दहा लाख डॉलरच्या वर रक्कम हातची गेली, दीड महिन्याहून जास्तीचा पगार. शिवाय जाहिरातदार बिथरले ते वेगळंच. म्हणूनच आजही एनबीए गंभीर प्रकरणात दंडापेक्षा बंदीवर भर देते. २०२३ मध्ये जा मोरांटने इन्स्टाग्राम लाइव्हमध्ये बंदूक दाखवली तेव्हा आधी आठ सामने आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच केल्यावर २५ सामने बंदी आली. कुणाला इजा झाली नव्हती, तरीही.

आणखी एक गंमत, म्हणजे खरं तर गंमत नाही. लाथेनंतर पाच महिन्यांनी, १९९७ च्या फायनलमध्ये बुल्ससमोर युटा जॅझची टीम होती. युटा राज्यात मॉर्मन पंथाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. रॉडमन त्यांच्याबद्दल नको ते बोलला आणि लीगने त्याला ५०,००० डॉलर दंड केला. लाथेच्या दंडाच्या दुप्पट. पण त्याला एकाही सामन्यातून बाहेर बसवलं नाही.

कॅमेरामनला काय मिळालं?

लीगने जे केलं ते लीगच्या नियमांप्रमाणे. दंडाचे पैसे कॅमेरामनला मिळत नाहीत. त्याच्यासाठी मार्ग एकच: स्वतः वकील गाठणं. त्याने तो गाठला, पोलिसात तक्रारही दिली. आणि आठवडाभरातच, प्रकरण कोर्टाची पायरी चढण्याआधी, दोघांत तडजोड झाली. रॉडमनने २ लाख डॉलर दिले. त्या वेळच्या दराने साधारण ७० लाख रुपये.

तडजोडीच्या अटी गुप्त होत्या. त्या गुप्तच राहिल्या असत्या, पण कॅमेरामनने ही रक्कम उत्पन्नात दाखवली नाही. अमेरिकेत शारीरिक इजेची भरपाई म्हणून मिळालेल्या पैशांवर आयकर लागत नाही, त्याचा दावा तोच होता. आयकर खात्याने तो मानला नाही. खात्याचं म्हणणं असं की जवळपास सगळीच रक्कम करपात्र आहे, कारण ती इजेसाठी नसून गप्प बसण्यासाठी दिली गेली. प्रकरण अमेरिकेच्या टॅक्स कोर्टात गेलं, २००३ मध्ये निकाल लागला आणि त्या निकालपत्रात तडजोडीच्या अटी छापून आल्या.

अटी काय होत्या? कॅमेरामनने रॉडमनची बदनामी करायची नाही. तडजोड झाली हेच कुणाला सांगायचं नाही. त्या रात्री काय घडलं याबद्दल जाहीर बोलायचं नाही. आणि रॉडमनवर फौजदारी कारवाई झाली तर तिला मदत करायची नाही. शब्द मोडला तर २ लाख डॉलर परत द्यायचे.

कोर्टाने रकमेची विभागणी केली. १ लाख २० हजार डॉलर इजेपोटी, त्यावर कर नाही. उरलेले ८० हजार डॉलर गप्प राहण्यासाठी आणि बाकीच्या अटींसाठी, त्यावर कर भरा. लाखो लोकांनी लाइव्ह पाहिलेल्या घटनेबद्दल एकट्या त्या मार खाल्लेल्या माणसाने बोलायचं नाही, याची किंमत अशी कागदावर आली. या निकालाचा दाखला अमेरिकेतले करविषयक वकील आजही देतात. तडजोडीत गोपनीयतेची अट घालायची असेल तर कुठला पैसा कशासाठी हे आधीच लिहून ठेवा, असा सल्ला ते अशिलांना देतात.

यात रॉडमनने बेकायदेशीर काही केलं, असं नाही. कॅमेरामनवर कुणी जबरदस्ती केली असंही नाही. त्याने सही केली आणि पैसे घेतले. पण रोजच्या पगारावर काम करणारा माणूस आणि ९० लाख डॉलर कमावणारा स्टार समोरासमोर बसले की कोण कशावर सही करेल, हे ओळखायला फार डोकं लागत नाही.

मग सुधारला का?

एका बाबतीत, हो. लाथेच्या सीझनमध्ये बंदी आणि गुडघ्याची दुखापत मिळून रॉडमन ८२ पैकी ५५ सामनेच खेळला. पुढच्या करारात बुल्सने डोकं लढवलं. मूळ रक्कम ४५ लाख डॉलरवर आणली आणि बाकीचे पैसे अटींवर ठेवले: इतके सामने खेळलास तर इतके, रिबाउंडमध्ये पहिला आलास तर इतके. बाहेर बसलास की पैसे बुडाले. १९९७-९८ मध्ये रॉडमन ८० सामने खेळला.

म्हणजे शहाणा झाला असं समजू नका. याच सीझनमध्ये तो व्हेगासला गेला आणि फायनल सुरू असताना टीमचा सराव बुडवून हल्क होगनसोबत कुस्तीच्या शोमध्ये जाऊन आला. पण सामना बुडवला नाही. सरावाला दांडी मारणं परवडत होतं, सामन्याला मारणं परवडत नव्हतं, आणि हा हिशोब त्याला नेमका कळत होता. 'डोक्यावर परिणाम झालेला माणूस' ही त्याची प्रतिमा इथे जराशी खोटी पडते.

आधीच्या टीमला हे जमलं नव्हतं. सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला शिस्त लावायचा प्रयत्न केला, निलंबित केलं, १९९५ च्या प्लेऑफमध्ये तो बूट काढून कोर्टच्या कडेला आडवा झाला म्हणून बेंचवर बसवलं. शेवटी कंटाळून विल पर्ड्यू या साध्याशा खेळाडूच्या बदल्यात त्याला बुल्सला देऊन टाकलं. त्याच सीझनमध्ये बुल्सने ७२ सामने जिंकले.

खेळ संपल्यावर

करिअर संपलं आणि ११ सामन्यांची बंदी घालणारं कुणी उरलं नाही. २००८ मध्ये जोडीदाराला मारहाण केल्याच्या प्रकरणात त्याने कोर्टात आरोपांना आव्हान दिलं नाही. त्याला वर्षभराचं समुपदेशन आणि ४५ तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. त्या वेळी ही बातमी किती चालली आणि २०१३ मध्ये तो उत्तर कोरियाला किम जोंग उनला भेटायला गेला ती किती चालली, याची तुलना न केलेलीच बरी.

उत्तर कोरियाच्या प्रकरणातही माफीनामा आहेच. जानेवारी २०१४ मध्ये किमच्या वाढदिवसाला खास सामना खेळायला गेलेल्या रॉडमनने सीएनएनच्या मुलाखतीत, तिथे तुरुंगात असलेल्या केनेथ बे या अमेरिकी नागरिकाचाच काहीतरी दोष असावा असा सूर लावला. अमेरिकेत संताप उसळला. दोन दिवसांत त्याने माफी मागितली, दारू प्यायलो होतो असं सांगितलं आणि महिना संपण्याआधी व्यसनमुक्ती केंद्रात भरती झाला. केनेथ बे त्याच वर्षी सुटले. पुढे त्यांनी रॉडमनचे आभार मानले, कारण त्या बडबडीमुळे का होईना, आपल्या प्रकरणाकडे जगाचं लक्ष गेलं, असं त्यांना वाटत होतं.

२०११ मध्ये रॉडमनला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. त्या सोहळ्यात तो ढसाढसा रडला. सोडून गेलेल्या वडिलांबद्दल बोलला, आणि आपणही चांगला बाप होऊ शकलो नाही हे सगळ्यांसमोर कबूल केलं. त्या कबुलीला खूप टाळ्या पडल्या.

त्याची मुलगी ट्रिनिटी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती आज अमेरिकेच्या महिला फुटबॉल टीमची स्टार आहे, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने सुवर्णपदक जिंकलं. त्याच डिसेंबरमध्ये एका पॉडकास्टमध्ये ती म्हणाली की रक्ताचं नातं सोडलं तर तो आपला बाप नाही. मुलाखत व्हायरल झाली. रॉडमनने इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकून तिची माफी मागितली.