परळचं बैलघोडा हॉस्पिटल

केईएम, टाटा, वाडिया ही माणसांची मोठी रुग्णालयं परळमध्ये. त्यांच्याच शेजारात जनावरांचंही एक जुनं रुग्णालय आहे. पाटीवर नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं. मुंबईकरांच्या तोंडी मात्र ‘बैलघोडा हॉस्पिटल’.

आज तिथे कुत्री-मांजरं घेऊन येणारे पुष्कळ. मग बैल-घोडे कुठले? ते त्या काळच्या मुंबईचे. 1874 साली कुलाब्याहून पायधुणीकडे पहिली ट्राम निघाली ती घोड्यांनी ओढलेली. गोदीतला माल बैलगाड्यांवरून जाई. ओझ्याखाली लंगडणारं, खांद्याला जखम झालेलं जनावर रस्त्यात रोज दिसे. त्याच 1874 मध्ये मुंबईत प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था उभी राहिली. पुढच्या दशकात गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून हे रुग्णालय झालं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं नाव मिळालं. 1886 साली इथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे उपचार आणि शिक्षण एका आवारात आले.

या कामाचं मूळ मात्र आणखी मागे, 1832 च्या जूनमध्ये सापडतं. सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे ठेवले होते. पैशाच्या लोभाने लोकांच्या दारातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. फोर्टमधले पारशी रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने निराधार जनावरांसाठी पांजरपोळ निघाला. मारायचं नसेल तर सांभाळायचं कुणी, या प्रश्नाला शहराने स्वतःच्या खिशातून दिलेलं ते उत्तर होतं.

कुत्री मारणं मात्र त्यानंतरही दीडशे वर्षं चालूच राहिलं आणि संख्या काही घटली नाही. एका भागातली कुत्री संपवली की मोकळ्या जागेवर, उकिरड्याच्या आशेने, दुसरी येत. म्हणून 1990 च्या दशकात मुंबईने नसबंदीचा मार्ग धरला. 2001 साली त्याचे देशभर नियम झाले. कुत्र्याला पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. स्वतःच्या हद्दीत परतलेलं कुत्रं नव्यांना सहसा शिरू देत नाही. पिल्लावळ थांबते, पिसाळण्याचं भयही कमी होतं. 2014 च्या गणनेत मुंबईत सुमारे 95 हजार भटकी कुत्री होती. एवढ्यांपर्यंत पोचणं एकट्या पालिकेच्या आवाक्यातलं नाही.

इथे वस्तीतली माणसं लागतात. पालिकेची गाडी पाहून कुत्री पांगतात. रोज पोळी घालणाऱ्या बाईच्या हाकेला मात्र थांबतात. कुठली कुत्री व्यायली, कुठली लंगडते, कुणाला लस राहिली, हे तिलाच ठाऊक असतं. खायला घालणाऱ्यांनी नसबंदीची जबाबदारीही उचलली पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्यांनी कचरा झाकला पाहिजे. दोघांचंही हित त्यातच आहे.

बैल आणि घोडे शहराच्या कामाचे होते, त्यांना धनी होते. जिन्याखाली राहणाऱ्या भटक्या कुत्रीला धनी नाही. तिच्या कानावरची ती छोटी खाच एवढंच सांगते, की कुणीतरी तिच्यासाठी एक दिवस मोडला होता.