युद्धकाळांतील रहस्यकथा आणि आपलें कपाट

आपल्या सुशिक्षित घरांतून पुस्तकांची निवड बहुधा जातीवरूनच होते. कपाटाच्या वरच्या फळीवर गीता व ज्ञानेश्वरी, तिच्याखालीं चरित्रें आणि इतिहास, त्याखालीं नांवाजलेल्या कादंबऱ्या. आणि रहस्यकथा घरांत शिरलीच तर ती मुलांच्या उशीखालीं! तिला कपाटांत जागा नाहीं. वडीलधाऱ्या मंडळींचा आक्षेप असा कीं, अशा वाचनानें वेळ फुकट जातो आणि मन रक्तपाताला चटावतें. हा आक्षेप अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु प्रकार पाहून पुस्तकाची योग्यता ठरविणें हें कुळावरून विद्यार्थ्याचे गुण ठरविण्यासारखें आहे. आणि ज्यांनीं उभा जन्म शाळेंत काढला त्या आम्हांस तें पटत नाहीं.

चंद्रपूर व गडचिरोली या जंगलपट्टींत हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. पुण्यामुंबईच्या वाचकाचें एक पुस्तक फसलें तर तो दुसऱ्या दिवशीं दुसरें आणतो. भामरागड किंवा सिरोंचा येथील शिक्षकाच्या घरीं पुस्तक येतें तें बहुधा जिल्ह्याच्या गांवीं कांहीं काम निघालें म्हणजे. तेव्हां जें आणावयाचें तें पारखूनच आणलें पाहिजे. अशा पारखलेल्या पुस्तकांत युद्धकाळांतील रहस्यकथेस आम्ही आग्रहानें जागा देऊं, आणि त्याचें कारणहि सांगूं.

अगाथा ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धांत टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधशाळेंत काम करीत. विषांचें ज्ञान त्यांना तेथेंच झालें. त्यांची पहिली रहस्यकादंबरी १९१६ सालीं लिहिली गेली व १९२० सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक हर्क्युल प्वारो हा जर्मनांनीं बेल्जम पादाक्रांत केल्यामुळें इंग्लंडांत आलेला निर्वासित आहे. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, त्यांची ‘एन ऑर एम?’ ही कादंबरी निघाली. समुद्रकांठच्या एका साध्या निवासगृहांत शत्रूचे हस्तक दडले आहेत, ते कोण, हा तिचा विषय. तींतील एका पात्राचें नांव मेजर ब्लेचली. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारें सरकारचें गुप्त कार्यालय त्याच नांवाच्या ठिकाणीं होतें. त्यामुळें गुप्तचर खात्याला संशय आला व चौकशी झाली. निष्पन्न काय झालें? बाईंची आगगाडी त्या स्टेशनांत खोळंबली होती, म्हणून त्यांनीं रागानें एका नावडत्या पात्राला तें नांव दिलें होतें! ख्रिस्तियाना ब्रँड यांच्या ‘ग्रीन फॉर डेंजर’मध्यें (१९४४) बाँबहल्ल्यांच्या दिवसांतील रुग्णालय आहे, आणि जीव वांचविणाऱ्यांपैकींच एक जण खुनी आहे.

शांततेच्या काळीं संशय एका वाड्यापुरता राहतो. युद्धांत तो साऱ्या समाजांत पसरतो. शेजारी, पाहुणा, परका आश्रित, कोणीहि फितूर वाटूं लागतो. अशा वेळीं कथेंतील शोधक एकच हट्ट धरून बसतो, कीं पुरावा दाखवा. या हट्टासाठींच हीं पुस्तकें वाचावयाचीं.

हें सारें विलायती म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ हें याच जातीचें नाटक आहे. सात अंकांत रणांगणावरील युद्ध एकदांहि रंगभूमीवर येत नाहीं. सारें काम हेरांचें. यमपट दाखवीत फिरणाऱ्या हेराला चंदनदासाच्या घरीं राक्षसाची मुद्रिका मिळते. तिच्या शिक्क्याचें बनावट पत्र चाणक्य शत्रूच्या हातीं पडूं देतो, आणि मलयकेतु चौकशी न करतां आपल्याच पांच मित्रराजांना देहांत शासन देतो. त्याचें सैन्य लढाईआधींच मोडतें. ज्यानें पुरावा तपासला नाहीं त्याची गत काय होते, हें याहून स्पष्ट कोणीं सांगितलें आहे?

आमच्या मुलुखाला हा धडा पुस्तकाबाहेरहि मिळाला आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चिमूर येथें उठाव झाला. गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, मागाहून लष्कर आलें, आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. सरकारनें चौकशी नाकारली. तिच्या मागणीसाठीं प्राध्यापक भन्साळी यांनीं ६३ दिवस उपोषण केलें, तें १२ जानेवारी १९४३ रोजीं सुटलें. त्या उपोषणाचें वृत्त छापण्यासहि वृत्तपत्रांना मनाई होती. पुढें १९८० नंतरच्या दशकांत गडचिरोलीच्या रानांत नक्षलवाद्यांनीं कित्येक आदिवासींना ‘पोलिसांचा खबऱ्या’ म्हणून ठार केलें. त्याला अनेकदां आधार असे तो केवळ संशयाचा. जेथें एका शब्दानें माणूस जातो, तेथें पुरावा मागण्याची संवय ही चैन नव्हे.

आतां निवडावें कसें? पहिली कसोटी ही कीं, गुन्हेगार उघड झाल्यावर मागचीं पानें चाळावीं. खुणा तेथें होत्या तर लेखक प्रामाणिक. दुसरी ही कीं, कथेंतील मृत्यूला कांहीं वजन आहे काय, कीं तो नुसता बुद्धिबळाचा प्यादा आहे, हें पाहावें. तिसरी ही कीं, युद्ध हें पडद्यावरील चित्र आहे, कीं त्यानें पात्रांचें जगणें खरोखर बदललें आहे, हें तपासावें. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्या ‘झुंजार’ व ‘काळा पहाड’ यांनीं खेड्यापाड्यांत वाचक घडविले, हें ऋण आम्ही मानतों. पण वाचनाची गोडी लागल्यावर या कसोट्या लावाव्या.

आणि एक पुस्तक एकटें आणूं नये. ‘एन ऑर एम?’सोबत विश्राम बेडेकरांचें ‘रणांगण’ (१९३९) आणावें; त्यांत रहस्य नाहीं, परंतु युद्धाच्या तोंडावर युरोप सोडणाऱ्या ज्यू हेर्टाच्या डोळ्यांनीं तेंच जग दिसतें. ‘मुद्राराक्षसा’सोबत प्रकाश आमट्यांचें ‘प्रकाशवाटा’ ठेवावें, म्हणजे आपल्याच भामरागडच्या रानांतील माणसें ‘संशयित’ होण्याआधीं माणसें म्हणून ओळखीचीं होतील.

तेव्हां पुढच्या खेपेस ग्रंथालयांत जाल तेव्हां मुलाला बरोबर न्या. एक पुस्तक तुम्ही निवडा, एक त्याला निवडूं द्या, आणि दोन्ही दोघांनीं वाचा. जेवतांना वाद होईल, होऊं द्यावा. तो ‘कशावरून?’ असें विचारील, तेव्हां त्याला उद्धट म्हणूं नका, उत्तर द्या.