टबाआधी स्लॅब बघा

चार माणसांच्या हॉट टबात साधारण हजार लिटर पाणी मावते. हजार लिटर म्हणजे एक टन. टबाचे स्वतःचे वजन आणि आत बसणारी माणसे धरली की आकडा दीड टनापर्यंत जातो, तोही दोन मीटर बाय दोन मीटरच्या तुकड्यावर. म्हणजे चौरस मीटरला जवळपास पावणेचारशे किलो. राहत्या घरातली स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वापरभार धरून आखलेली असते, बाल्कनी तीनशेच्या. त्यामुळे अंधेरी किंवा बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये टब घ्यायचा तर आधी गाठायचा तो स्ट्रक्चरल इंजिनीअर, दुकान नंतर. हवा भरून फुगवायचा टब हलका म्हणून लोक निर्धास्त होतात. हलके असते ते प्लास्टिक. आतले पाणी तेवढेच जड.

घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी-साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते, खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तिथे टबाचा संबंध नव्हता. पण एका घरातल्या फेरबदलाची किंमत सगळ्या मजल्यांना कशी मोजावी लागते, ते उपनगरांनी त्या दिवशी पाहिले. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडून मागून वाचावा आणि टबाची परवानगी लेखी घ्यावी. वरची गच्ची तर बहुतेक ठिकाणी सगळ्यांची असते.

एका माणसाचा साधा बाथटब घ्यायचा ठरवला तरी गिझरचा हिशेब चुकतो. अडीचशे लिटरचा टब ४० अंशांच्या पाण्याने भरायचा आहे, नळाचे पाणी २७ अंशांचे आहे आणि पंचवीस लिटरचा गिझर ६० अंशांपर्यंत तापतो, असे धरू. एका गिझरभर पाण्यात नळाचे पाणी मिसळून साधारण साठ-पासष्ट लिटर कोमट पाणी मिळते. म्हणजे गिझर चार वेळा तापवायचा, दर वेळी अर्धा तास. चौथी खेप येईपर्यंत पहिली निवलेली असते. मोठ्या टबाला स्वतःचा हीटर असतो. त्यातले हजार लिटर पाणी तेवढेच तापवायला पंधरा युनिट वीज लागते. त्यासाठी वेगळी वायर, पक्के अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओल्या अंगाशी विजेची गाठ आहे, इथे काटकसर करू नका.

पाण्याचा विचार मात्र वेगळ्या अंगाने करावा लागतो. माणशी १३५ लिटरच्या प्रमाणाने चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर पाणी लागते. बाथटब प्रत्येक वेळी रिकामा होतो. रोज भरला तर घरचा वापर जवळपास निम्म्याने वाढेल. फिल्टरचा हॉट टब एकदा भरला की साधारण तीन महिने चालतो. पण त्यातल्या क्लोरीनवर आणि सामूवर सतत लक्ष ठेवावे लागते. गरम, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला हा जंतू वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो. ही राखण जमणार नसेल तर हॉट टब घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गळतीवरून सोसायट्यांत किती भांडणे होतात! बाथरूमची खोलगट स्लॅब विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेली असते. टबाचा सांधा थोडा जरी सुटला तरी पाणी त्या कोब्यात मुरत राहते आणि काही महिन्यांनी खालच्यांच्या छताला पिवळा डाग पडतो. तोवर वरच्या घरात काही कळतही नाही. म्हणून टब बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग नव्याने करा, बाथरूममध्ये पाणी कोंडून एक-दोन दिवस ठेवा, खाली जाऊन छत बघा. टबाच्या बाजूला उघडता येईल असे झाकणही ठेवून घ्या, नाहीतर ट्रॅप तुंबल्यावर टाइल फोडावी लागेल.

पंपाच्या टबाचा उगम दुखण्यात आहे. कँडिडो जकूझी यांच्या मुलाला लहानपणापासून संधिवात होता. त्याच्यासाठी त्यांच्या पंपांच्या कारखान्यात बाथटबात सोडायचा पंप तयार झाला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. आपल्याकडेही बरेचदा घरातल्या ज्येष्ठांच्या गुडघ्यांसाठीच टबाचा विचार सुरू होतो. मग दोन फूट उंच कड ओलांडून ते आत कसे जाणार, हे पहिल्यांदा बघा. दाराचे टब मिळतात, पण पाणी भरेपर्यंत आणि ओसरेपर्यंत आतच बसून राहावे लागते. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल, घरात कोणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम पाण्यात बसू नये. ४० अंशांच्या वर पाणी कोणासाठीच नको, आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरे.

महिन्यातून एखाद्या वेळी अंग शेकायचे असेल तर तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची उन्हाळी आहेतच. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे देऊळ उभारले आणि उपनगरांतली कितीतरी घरे आजही तिथे जातात.

एवढे करून घ्यायचाच असेल, तर माझा कौल एका माणसाच्या खोल, बिनपंपाच्या टबाला. जाहिरातीतल्या फोटोवर जाऊ नका. बाथरूमच्या दाराचे आणि लिफ्टचे माप घेऊन निघा, दुकानात कोरड्या टबात बसून बघा. पाठ नीट टेकते का आणि उठताना हाताला कशाचा आधार मिळतो, हे तिथेच कळते.