पाहुण्याच्या हातची गोड वाईन

मोहफूल पहाटे गळते. फाल्गुन-चैत्रात गोंडपिपरीच्या आसपासच्या रानात ज्याने ते वेचले आहे, त्याला साखर म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. ताजे फूल तोंडात टाकले तर मधासारखे गोड लागते, आणि वाळल्यावर त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. पण याच फुलाची भट्टीतून उतरलेली धार चाखणारा सांगेल की, तीत गोडीचा मागमूसही नसतो. असतो तो घसा पोळणारा तिखटपणा. मग एवढी साखर गेली कोठे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले, त्याला गोड वाईन निवडण्याची निम्मी विद्या आली असे समजावे.

गोंडपिपरीत बसून वाईनची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आपली मुले शिकून नागपूरला, पुण्याला आणि त्याहीपलीकडे नोकरीला गेली आहेत. तेथे एखादा वरिष्ठ किंवा सहकारी रात्रीच्या जेवणास बोलावतो, आणि जेवणानंतरच्या गोडाबरोबर घोट घोट घ्यावयाची लहानशी बाटली पाहुण्याने नेण्याची रीत काही घरांत पडली आहे. त्या वेळी आपला मुलगा दुकानात जाऊन उभा राहतो आणि दुकानदार देईल ती बाटली घेऊन येतो. पुष्कळदा ती गोड नसते. कधी ती उन्हाने बिघडलेली असते. आणि कधी तर ती ज्या घरी न्यावयाची, त्या घरी बाटली न्यावयासच नको असते. या तिन्ही गोष्टी आधी कळण्यासारख्या आहेत.

प्रथम साखरेचा हिशेब. द्राक्षाचा रस आंबू लागला म्हणजे त्यातील किण्व, ज्याला आपण यीस्ट म्हणतो ते, साखर खाते व तिचा मद्यार्क आणि कर्बवायू करते. एक लिटर रसातील सुमारे 17 ग्रॅम साखर संपली की मद्यार्क एक टक्क्याने चढतो. साधारण पिकलेल्या द्राक्षाच्या एक लिटर रसात 220 ग्रॅम साखर धरली, तर ती सारी संपून 13 टक्क्यांची वाईन तयार होते आणि तीत गोडी म्हणून काही उरत नाही. अशा वाईनला ‘ड्राय’ म्हणतात. ड्राय म्हणजे कोरडी नव्हे, साखर संपलेली. आता द्राक्ष वेलीवरच सुकत ठेवून रसातील साखर लिटरमागे 300 ग्रॅमवर नेली आणि मद्यार्क 10 टक्क्यांवर आला असता आंबणे थांबवले, तर 170 ग्रॅम साखर खर्च झाली आणि 130 ग्रॅम शिल्लक राहिली. ही शिल्लक म्हणजेच गोड वाईन. मोहाच्या बाबतीत किण्व बहुतेक साखर खाऊन टाकते, आणि जी थोडी उरते ती भट्टीच्या भांड्यातच राहते, कारण वाफेबरोबर साखर वर चढत नाही. म्हणून इतक्या गोड फुलाची दारू गोड नसते.

हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी आहे असेही नाही. वैद्याकडील द्राक्षासव आठवा. द्राक्षे, गूळ किंवा साखर, आणि किण्वाला चालना देण्यासाठी धायटीची फुले. ही धायटी आपल्या जंगलात भरपूर आहे. आसवात आपोआप मद्यार्क तयार होतो, तरीही ते गोड लागते, कारण त्यात घातलेली सगळी गोडी किण्वाला संपवता येत नाही. ते औषध आहे आणि औषधाच्याच मात्रेत घ्यावयाचे, हे खरे; परंतु ‘आंबलेले आणि तरी गोड’ म्हणजे काय हे आपल्या आजीबाईंच्या फडताळात पूर्वीपासून होते.

आंबणे थांबवण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांपैकी खरेदीदाराच्या कामाच्या दोन. पहिली रीत थंडीची. रस एकदम गार करून आणि गाळून किण्व काढून टाकतात. नाशिककडे जी ‘लेट हार्वेस्ट’, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाईन होते, ती या घराण्यातली. सुला आणि रेव्हिलो या दोन्ही नाशिककडील कारखान्यांनी शेनिन ब्लाँ जातीच्या द्राक्षापासून अशी वाईन केलेली आहे. तेथे छाटणी पावसाळा सरता सरता होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास. उशिराच्या तोडणीसाठी घड आणखी काही दिवस वेलीवर राखून सुकू देतात. युरोपात हेच काम निसर्गाकडून निराळ्या मार्गांनी करवून घेतात. फ्रान्समधील सोतर्न आणि हंगेरीतील टोकाय येथे एक विशिष्ट बुरशी द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते आणि आतले पाणी उडून जाते. जर्मनीत घड वेलीवर गोठेपर्यंत थांबतात आणि गोठलेलेच पिळतात. बुरशी चढलेले द्राक्ष फेकून न देता त्यातून जगातील अत्यंत महाग पेयांपैकी एक काढणे, हा मनुष्याच्या चिकाटीचा नमुनाच म्हटला पाहिजे.

दुसरी रीत पोर्टची. पोर्तुगालमधील डौरो नदीच्या खोऱ्यात, रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाचा कडक मद्यार्क ओततात. त्या माऱ्याने किण्व मरते, साखर वाचते, आणि मद्यार्क 19 ते 22 टक्क्यांपर्यंत जातो. या खोऱ्याच्या हद्दी 1756 साली पोर्तुगालच्या सरकारने आखून दिल्या. पोर्तुगिजांबरोबर हे नाव गोव्यात आले आणि तेथील ख्रिस्ती घरांत लग्नाच्या व नाताळच्या प्रसंगी लहान पेल्यातून पोर्ट देण्याची चाल रुजली. मात्र आपल्याकडे ‘पोर्ट’ या नावाने जी स्वस्त तांबडी गोड वाईन विकली जाते, ती डौरोची नव्हे. तिला हसण्याचे कारण नाही. गोव्याच्या घरी ती प्रेमाने दिली जाते आणि नाताळच्या केकमध्ये तर ती उत्तम. पण ती मूळची पोर्ट समजून जादा दाम मोजू नये.

आता दुकानात उभे राहिल्यावर काय पाहावयाचे? बाटलीवर ‘फ्रूटी’ असे लिहिलेले असेल तर त्यावर जाऊ नये. फळाचा वास आणि साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘लेट हार्वेस्ट’, ‘डेझर्ट’ किंवा ‘स्वीट’ हे शब्द शोधावेत. शब्द सापडले नाहीत तर मद्यार्काचा आकडा वाचावा, तो छापलेला असतोच. बिनफेसाच्या वाईनवर 12 ते 14 असा आकडा असेल तर ती बहुधा ड्राय. आकडा 8 ते 10 असेल तर साखर शिल्लक राहिली असण्याचा पुष्कळ संभव आहे. 18 च्या वर असेल तर ती मद्यार्क घालून केलेली. अशा वाईन बहुतेक गोड असतात, सगळ्या मात्र नव्हेत. ही खूण शंभर टक्के बिनचूक नाही, तथापि दुकानदाराच्या ‘चांगली आहे, घेऊन जा’ या शब्दापेक्षा ती अधिक विश्वासाची आहे.

गोड वाईन बहुधा अर्ध्या बाटलीत, म्हणजे 375 मिलिलिटरमध्ये येते, आणि तिची किंमत साध्या वाईनच्या पूर्ण बाटलीइतकी पाहून माणूस बिचकतो. पण सुकलेल्या घडातून रस किती निघणार? शिवाय जेवणानंतर माणशी 60 मिलिलिटर पुरे होते, त्यामुळे अर्धी बाटली सहा जणांना पुरते. चौघांच्या जेवणाला पूर्ण बाटली नेणे हा दिखाऊपणा होय.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट उन्हाची. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांवर जातो. बंद मोटारीत किंवा एसटीच्या टपावर ठेवलेल्या बाटलीचे काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. वाईन तापून फुगते, बूच वर सरकते, कडेने पाझरते, आणि ताजा वास जाऊन शिजलेल्या मनुकांसारखा वास येऊ लागतो. म्हणून विकत घेताना बूच वर आलेले नाही ना, मानेशी चिकट ओघळ नाहीत ना आणि बाटली खिडकीतल्या उन्हात मांडलेली नव्हती ना, हे पाहावे. लेट हार्वेस्ट शक्य तो अलीकडच्या सालातली घ्यावी. नेताना ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवावी. आपण पाण्याच्या बाटलीला हेच करतो. यजमानाकडे पोहोचताच ती फ्रीजमध्ये ठेवण्यास सांगावे, कारण ही वाईन गारच चांगली लागते. कोमट असली तर नुसती गुळचट. पोर्टला इतकी थंडी नको, पण मे महिन्यात तिलाही अर्धा तास फ्रीज दाखवलेला बरा.

कोणत्या गोडाबरोबर कोणती? येथे एकच नियम आहे: वाईन पदार्थापेक्षा कमी गोड असता कामा नये. तसे झाले तर जीभ पदार्थाच्या साखरेने भरून जाते आणि पाठोपाठ घेतलेली चांगली वाईनही आंबट, पाणचट लागते. या नियमाने आपली बरीच पक्वान्ने वाईनला हरवतात. भरपूर पुरणाची आणि तुपात बुडवलेली विदर्भातली पुरणपोळी हे पूर्ण पक्वान्न आहे, तिला दुसऱ्या सोबतीची गरज नाही. पाकातल्या गुलाबजामाचेही तेच, आणि आमरसाबरोबर तर वाईन मुळीच नको, हे माझे ठाम मत आहे. पण नागपूरची संत्रा बर्फी असेल तर लेट हार्वेस्ट तिच्याशी छान जुळते, कारण दोहोंत गोडीखाली फळाचा आंबटपणा आहे. शिरा, दुधाची बेताच्या साखरेची खीर आणि फळांच्या फोडी यांच्याशीही तिचे जमते. चॉकलेटचा केक असेल तर पोर्ट. आणि गोड काहीच नसेल तर खारे काजू पुढे ठेवून पाहावेत. खारट आणि गोड यांची मैत्री आपल्याला खारवलेल्या कैरीइतकीच जुनी आहे. सावजी रश्शाच्या जेवणात गार, गोड आणि कमी मद्यार्काची वाईन तिखटाचा जाळ निवविते. पोर्टसारखी कडक वाईन मात्र तोच जाळ वाढविते, म्हणून ती सावजीच्या जवळपास नेऊ नये.

आता तिसरी गोष्ट. बाटली कोणाच्या घरी न्यावयाची? आपल्या भागात हा प्रश्न केवळ आवडीचा नाही. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्यासह गावोगावच्या स्त्रियांनी आणि संघटनांनी ती लढून मिळवली. आपल्या चंद्रपुरात 2010 साली स्त्रिया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या, 1 एप्रिल 2015 ला बंदी लागू झाली आणि 2021 साली ती उठवण्यात आली. या बंदीचा लाभ किती झाला आणि चोरट्या दारूचा सुळसुळाट किती, यावर आजही दोन तट आहेत. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. परंतु त्या पायी चाललेल्या स्त्रियांपैकी कोणी आज एखाद्या घरची सासू किंवा आजी असेल. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या दारूने जिने आयुष्य होरपळलेले पाहिले, तिच्यासमोर ‘ही दारू नव्हे, वाईन आहे’ असे म्हणून बाटली ठेवणे याला अडाणीपणाखेरीज दुसरा शब्द नाही. कायद्याच्या लेखी ती मद्यच आहे, आणि तिच्या लेखीही. म्हणून आधी विचारावे, आणि तेही आडून नव्हे: “वहिनी, जेवणानंतरची थोडी गोड वाईन आणू का? चालत नसेल तर मोकळेपणाने सांगा.” उत्तर क्षणभर लांबले तरी ते ‘नको’ आहे असे धरावे. मग मोहाचे लाडू न्यावेत. बचत गटांच्या बायका ते करतात. मोहाची सारी गोडी त्यात जशीच्या तशी असते, किण्वाचा एक घासही गेलेला नसतो.

कायदा महाराष्ट्रभर 1949 चाच आहे, आणि त्यात मद्य विकत घेण्यास, बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना दुकानातही मिळतो. तो आणि बिल बाटलीबरोबर ठेवावे. यजमानाने बाटली त्या रात्री उघडली नाही तर पाहुण्याने आग्रह धरू नये. त्याने जेवणाची आखणी आधीच केलेली असते, आणि दिलेली वस्तू त्याची झाली. उघडली तर पेले लहान असावेत आणि ज्याला मोटार किंवा फटफटी चालवत परत जावयाचे आहे, त्याचा पेला रिकामाच ठेवावा. पोर्टच्या 60 मिलिलिटरमध्ये 12 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, लेट हार्वेस्टच्या दुप्पट. उरलेली लेट हार्वेस्ट बूच लावून फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस टिकते, पोर्ट काही आठवडे. ती यजमानाकडेच ठेवावी. विशेषतः आष्टीकडे परतणाऱ्याने तर ती पिशवीत घालूच नये: वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे जी बाटली बिल आणि परवान्यासह निर्दोष असते, तीच पूल ओलांडताच गुन्ह्याचा मुद्देमाल होते.