अंबरनाथ ते बारवी : घनफळ आणि पृष्ठफळ

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982चा, म्हणजे इसवी सन 1060चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. देऊळ आतून लहान. गाभाऱ्यात तर पायऱ्या उतरून जावे लागते. बाहेरची भिंत मात्र सरळ जातच नाही. कोन पुढे येतो, मागे सरतो, पुन्हा पुढे येतो. तेवढ्याच घनफळाची साधी चौकोनी वास्तू उभारली असती, तर छिन्नीला कितीतरी कमी दगड मिळाला असता. मूर्ती पृष्ठभागावर कोरायच्या असतात आणि शिल्पींनी तोच वाढवून घेतला.

पुढे 90 वर्षांनी, 1150 मध्ये, घनफळ आणि पृष्ठफळ यांचे नियम सांगणारी भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आली. वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट गोलाचे पृष्ठफळ. त्याला व्यासाने गुणून 6ने भागले की घनफळ. पण मला तिच्यातला खातव्यवहार, म्हणजे खोदकामाच्या घनफळाचा हिशेब, अधिक मोलाचा वाटतो. बाजू उतरत्या असलेल्या तळ्यासाठी मुखाचे क्षेत्रफळ घ्या, तळाचे घ्या, मुख आणि तळ यांच्या लांबींची व रुंदींची बेरीज करून येणारे तिसरे क्षेत्रफळ घ्या. तिन्ही मिळवून 6ने भागा, खोलीने गुणा. नियम आजही अचूक आहे.

अंबरनाथच्या शेजारी, दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949ला त्या कॅम्पला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींचे घनफळ तेच राहिले, आडोसे मात्र वाढत गेले.

या वाढत्या वस्तीला आणि कारखान्यांना पाणी हवे होते. बदलापूरजवळचे एमआयडीसीचे बारवी धरण 1972चे. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली. शेवटच्या टप्प्यात पातळी 68.60 मीटरवरून 72.60 मीटरवर गेली आणि साठा सुमारे 234 दशलक्ष घनमीटरांवरून (दलघमी) 340वर. म्हणजे एकूण पाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा वरच्या 4 मीटरांत मावला. खातव्यवहाराच्या नियमात हे दिसतेच : दरी वर रुंदावत जाते, मुखाचे क्षेत्रफळ वाढते, म्हणून वरचा प्रत्येक मीटर खालच्यापेक्षा जास्त पाणी धरतो.

पण ते मुख म्हणजे मुरबाड तालुक्यातली जमीन होती. तोंडली, मोहघर यांसारख्या गावांची शेते आणि घरे त्यात गेली. पावसाळ्यात आपण धरणाचे दलघमी आणि टक्के आवडीने वाचतो. त्याच ओळीत पाण्याखालच्या जमिनीचे हेक्टरही छापले पाहिजेत, कारण बारवीचे पाणी पिणाऱ्या शहरांना धरणग्रस्तांचे देणे त्याच आकड्यावरून कळेल.