शिकविता शिकविता शिकणे

एखाद्या मुलाचा गळा गोड निघाला की आईबापांस आनंद होतो व लागलीच काळजीही वाटते : यावर त्याचे पोट कसे भरणार? आमच्या राजूरसारख्या गावी तर हा प्रश्न हटकून निघतो. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रातीलच एका गवयाने देऊन ठेविले आहे.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. बालपणी शोभेच्या दारूने डोळ्यांस इजा होऊन त्यांची दृष्टी अधू झाली. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी त्यांनी गायनाची तालीम घेतली. गुरुगृही राहून सेवा करावी व गुरूची मर्जी असेल तेव्हा शिकावे, अशी त्या काळची रीत होती. पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिले. तेथे मात्र वर्ग, क्रमिक पुस्तके, स्वरलिपी व परीक्षा असा सारा शाळेचा थाट होता.

परंतु त्यांच्या योजनांपैकी मला विशेष वाटतो तो उपदेशक वर्ग. कित्येक वर्षे राहण्याचा करार करून मुले या वर्गात येत. त्यांच्या अन्नाची व शिक्षणाची सोय विद्यालय करी, आणि थोडी तयारी होताच त्यांनी खालच्या वर्गांस शिकवावयाचे. म्हणजे शिष्यत्व संपण्यापूर्वीच गुरुत्वास आरंभ!

याचा लाभ ज्याने शिकविले त्यासच कळतो. आपल्या गळ्यातून सहज निघणारी तान मुलास येत नाही, तेव्हा तिचे तुकडे करावे लागतात. श्वास कोठे घ्यावा हे सांगावे लागते. आणि सांगू गेले असता आपणासच ते नीट ठाऊक नव्हते असे आढळते. एकदा माझ्या वर्गातील मुले झपतालात सहाव्या मात्रेवर, जेथे खाली येते तेथे, घाई करू लागली. मी रागे भरलो. घरी येऊन हाताने ताल धरून तेच पद म्हणून पाहतो, तो घाई माझीच! मुलांनी बिचाऱ्यांनी मास्तरांची हुबेहूब नक्कल केली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात ते कबूल करणे जड गेले खरे.

मात्र यात धोकाही आहे. दिवसभर आरंभीचे अलंकारच घोकवून घेणाऱ्याचा स्वतःचा रियाज सुटतो व गळा वर्गापुरता उरतो. यासाठी पहाटेचा तास शिक्षकाने कोणासही देऊ नये. शिकवणीचे चार रुपये त्यापायी बुडाले तरी बुडू द्यावेत. अधूनमधून जाणत्या श्रोत्यांपुढेही बसावे, कारण मुले आपली चूक दाखवीत नाहीत, ती फक्त उचलतात.

पलुसकरांच्या शिष्यांनी ही दोन्ही अंगे सांभाळिली. ओंकारनाथ ठाकूर व नारायणराव व्यास यांनी मैफली गाजविल्या. विनायकराव पटवर्धनांनी रंगभूमीही गाजविली व १९३२ साली पुण्यास विद्यालय काढिले. बी. आर. देवधरांनी मुंबईत १९२५ साली काढिलेल्या शाळेत पुढे कुमार गंधर्व शिकले. स्वतः पलुसकरांची मुंबईची इमारत मात्र कर्जापायी लिलावात गेली. १९३१ साली ते वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले, व त्याच्या परीक्षांस आजही गावोगावची मुले बसतात.