पुन्हा शिकायचंय, पण पैसा कुठून?

चाळिशीत पुन्हा शिकावंसं वाटलं की आधी हात जातो म्हातारपणासाठी ठेवलेल्या पैशाकडे. कायद्यानं ती वाट मोकळी ठेवली आहे.

पीपीएफ खातं ज्या आर्थिक वर्षात उघडलं, ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षं पूर्ण झाली की खातं उच्च शिक्षणासाठी मुदतीआधी बंद करता येतं, आणि त्यात मुलांबरोबर खातेदाराचं स्वतःचं शिक्षणही धरलं आहे. प्रवेशाचा पुरावा आणि फीची बिलं जोडावी लागतात. मात्र खातं उघडल्यापासूनचं व्याज एक टक्का कमी दरानं मोजलं जातं. ही कात्री छोटी नाही. त्यापेक्षा सातव्या आर्थिक वर्षापासून अंशतः रक्कम काढता येते. तिला कारणही लागत नाही आणि व्याजही कापलं जात नाही. भागत असेल तर हाच मार्ग धरावा. एनपीएसमध्ये तीन वर्षांनंतर स्वतः भरलेल्या रकमेच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत उचल मिळते, नवं कौशल्य शिकण्यासाठीसुद्धा.

पण खरी किंमत पुढे कळते. आज काढलेले 2 लाख 7 टक्के दरानं वीस वर्षं राहिले असते, तर सुमारे पावणेआठ लाख झाले असते. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, निवृत्तीनंतरच्या पोटापाण्यासाठी कोणी देत नाही. म्हणून पगारवाढीची किंवा नव्या कामाची ठोस शक्यता असेल तरच या पैशाला हात लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि त्याआधी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका जरूर चाळा. नोकरी न सोडता शिकता आलं, तर दरमहाचा पगार सुरू राहतो.